हाडाच्या ड्रिलवरील सोनेरी थर : कोटिंग ठरवण्यापासून मंजुरीपर्यंतचा अनुभव

शस्त्रक्रियेत हाडाला भोक पाडण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या आमच्या ड्रिलवर टायटेनियम नायट्राइडचा थर द्यायचा, असे फेब्रुवारी २०२३ मध्ये ठरले आणि त्या थरासह ड्रिल विकण्याची मंजुरी नोव्हेंबर २०२४ मध्ये हाती आली. या मधल्या काळात काय काय करावे लागले, हे मी येथे क्रमाने लिहीत आहे, कारण काम अंगावर घेतले तेव्हा असे सलग वर्णन मला कोठेही मिळाले नव्हते. कोटिंग करणारे कोटिंगविषयी भरभरून बोलतात, प्रयोगशाळा चाचणीविषयी बोलते आणि कागदपत्रे तपासणारे कागदपत्रांविषयी. परंतु एकाच्या निर्णयामुळे दुसऱ्याचे काम कसे अडते, हे या तिघांच्या मध्ये उभे राहणाऱ्यालाच दिसते, आणि ती जागा माझ्या वाट्याला आली होती.

थर का हवा होता, हे आधी सांगते. बोथट ड्रिल हाड कापण्याऐवजी घासते आणि घर्षणाने हाड तापते. ४७ अंश सेल्सिअस तापमान मिनिटभर टिकले तरी हाडाच्या पेशींना इजा होते, हे १९८०च्या दशकातील प्रयोगांतून दिसून आले आहे आणि आजही या क्षेत्रात तोच आकडा आधाराला घेतला जातो. आमची ड्रिल पुन्हापुन्हा वापरली जाणारी, म्हणजे प्रत्येक वापरानंतर धुऊन १३४ अंशांच्या वाफेत निर्जंतुक केली जाणारी होती आणि त्यांची धार लवकर जाते अशी तक्रार शस्त्रक्रियागृहातून येत होती. थरामुळे धार अधिक काळ टिकेल, एवढीच आमची अपेक्षा होती. ‘हाड कमी तापते’ असे वाक्य माहितीपत्रकात असावे, असा विक्री विभागाचा आग्रह होता. पण तसा दावा केला असता तर तो सिद्ध करण्यासाठी चाचण्यांची आणखी एक स्वतंत्र मालिका करावी लागली असती. म्हणून या वाटेने जाणाऱ्यांना माझा पहिला सल्ला हा आहे की, कोटिंगवाल्याला फोन करण्याआधी आपल्या दाव्याचे वाक्य कागदावर लिहून त्यावर सर्वांच्या सह्या घ्याव्यात, कारण पुढचा सगळा खर्च त्या वाक्यावर ठरतो.

कोणता थर निवडायचा, यावर फार काथ्याकूट झाली नाही. टायटेनियम नायट्राइड कठीण पोलादाच्या जवळजवळ चौपट कठीण असते. विकर्स या कठीणतेच्या मापात पोलादाचे सुमारे ६०० तर याचे सुमारे २,३००. त्याहून कठीण थर अनेक आहेत. ॲल्युमिनियम क्रोमियम नायट्राइड ३,००० विकर्सच्या पुढे जाते आणि हजार अंशांच्या वर तग धरते, पण हाडात भोक पाडताना एवढ्या उष्णतेचा प्रश्नच नसतो. टायटेनियम नायट्राइडच्या बाजूने दोन गोष्टी होत्या. एक म्हणजे कापणाऱ्या हत्यारांवर ते १९८०च्या सुमारापासून सर्रास वापरले जात आहे आणि शरीराशी संपर्क येणाऱ्या वस्तूंवरही त्याचा मोठा इतिहास आहे, त्यामुळे कागदपत्रांत आधार देणे सोपे जाते. दुसरी म्हणजे त्याचा सोनेरी रंग. धारेवरचा थर झिजला की खालचे पोलाद पांढरट चमकू लागते आणि उपकरणे मोजून ठेवणाऱ्या परिचारिकेलाही भिंग न घेता ते दिसते.

खरी अडचण तापमानाची निघाली. आमची ड्रिल ४४० जातीच्या मार्टेन्सिटिक, म्हणजे उष्णतोपचाराने कठीण करता येणाऱ्या, स्टेनलेस पोलादाची होती. हे पोलाद कठीण केल्यावर त्याचा ठिसूळपणा घालवण्यासाठी साधारण २०० अंशांच्या आसपास पुन्हा तापवतात, म्हणजे टेंपर करतात, आणि तेव्हाच त्याची कठीणता रॉकवेल या दुसऱ्या मापात ५६ च्या जवळपास राहते. पीव्हीडी पद्धतीत, म्हणजे निर्वातात धातूची वाफ करून ती वस्तूवर बसवण्याच्या पद्धतीत, नेहमीचे तापमान ४५० अंशांच्या आसपास असते. कापणाऱ्या हत्यारांच्या हायस्पीड स्टीलला ते चालते, कारण त्याचे टेंपरिंगच ५५० अंशांजवळ झालेले असते. आमच्या पोलादाला मात्र ते दोन्हीकडून मारक होते : कठीणता उतरते आणि त्याच तापमानात क्रोमियमची कार्बाइडे तयार होऊन पोलादाची गंज रोखण्याची शक्तीही घटते. सीव्हीडी, म्हणजे वायूंच्या रासायनिक क्रियेतून थर बसवण्याची दुसरी पद्धत, तर ९०० अंशांच्या पुढची, त्यामुळे तिचा विचारही करता येत नव्हता.

हे नुसते पुस्तकातून सांगून कोणाला पटले नसते, म्हणून मार्चमध्ये आम्ही एकाच वितळीच्या सळ्यांचे तुकडे नेहमीच्या तापमानाच्या बॅचमध्ये घालून पाहिले. परत आलेले तुकडे दिसायला अतिशय देखणे होते. ते कापून आतली कठीणता मोजली तेव्हा ती उतरलेली निघाली, आणि उकळत्या पाण्याच्या चाचणीनंतर कडेला तांबूस ठिपके उमटले. खालचे पोलाद मऊ झाले की वरचा थर कितीही कठीण असला तरी तो गादीवर ठेवलेल्या काचेसारखा असतो. भार आला की काच नव्हे, गादी दबते आणि मग काच तडकते. त्या दिवसापासून आमच्या मागणीपत्रात ‘प्रक्रियेचे कमाल तापमान’ हा रकाना आला आणि तो मंजुरीपर्यंत सर्वांत जास्त वेळा वाचला गेला.

२०० अंशांखाली थर देणारे कमी असतात. एप्रिल ते जुलै हा काळ असा कोटिंगवाला शोधण्यात गेला. येथे दोन प्रकारचे लोक भेटतात. एक कापणाऱ्या हत्यारांचे काम करणारे. त्यांचे दर कमी असतात आणि काम काही दिवसांत परत मिळते, पण त्यांच्या चेंबरमध्ये एकाच फेरीत अनेक ग्राहकांचा माल जातो. दुसरे वैद्यकीय उपकरणांचे काम करणारे, ज्यांच्याकडे आयएसओ १३४८५ नुसार गुणवत्ता पद्धती असते. त्यांची रांग काही आठवड्यांची असते आणि दर ऐकून पहिल्या दिवशी धडकी भरते. दराची रीत मात्र दोघांकडे सारखीच आहे. नगावर दर सांगितला तरी हिशेब चेंबरच्या एका फेरीचा असतो, म्हणून थोडे नग पाठवले की प्रत्येक नग महाग पडतो. नमुन्यांचे टप्पे आखताना एका फेरीत चाचणीचे तुकडे, जैविक चाचणीची ड्रिल आणि राखीव नग असे सगळे एकदम घातले, तर खर्च बराच आटोक्यात राहतो.

कोटिंगवाल्याला एक प्रश्न अवश्य विचारावा : आमच्या मालाबरोबर आणखी काय आत जाणार आहे? ब्रेझिंग केलेल्या, म्हणजे दुसरा धातू वितळवून सांधलेल्या, हत्यारांच्या जोडात जस्त किंवा कॅडमियम असेल तर निर्वातात आणि उष्णतेत त्यांची वाफ होते आणि ती संपूर्ण चेंबरवर बसते. हत्यारांच्या बाबतीत त्यामुळे फार तर एक बॅच वाया जाईल. वैद्यकीय उपकरणावर कॅडमियमचा अंशही परवडणारा नाही. आम्ही करारात स्वतंत्र फेरीची अट घातली आणि त्यासाठी जादा पैसे मोजले. त्याची हळहळ मला कधी वाटली नाही.

ऑगस्टमध्ये प्रत्यक्ष प्रक्रिया पाहायला गेले, तेव्हा जेवढा वेळ चेंबर पाहण्यात जाईल असे वाटले होते, त्याच्या कितीतरी पट वेळ धुण्याच्या ओळीपाशी गेला. अल्कधर्मी द्रावण, अल्ट्रासॉनिक टाक्या, आयनमुक्त पाण्याच्या एकामागून एक धुलाया, मग गरम हवेने वाळवणे. तेथील पर्यवेक्षक म्हणाले, “मॅडम, दार बंद झाल्यावर आमच्या हातात फार काही उरत नाही, थर चिकटणार की नाही, ते इथेच ठरतं.” चेंबरमध्ये हवा काढून घेतल्यावर वस्तू गरम करतात, मग आर्गॉनच्या आयनांचा मारा करून पृष्ठभागावरचा शेवटचा ऑक्साइड खरवडतात आणि त्यानंतर टायटेनियमच्या पत्र्यावर आर्क, म्हणजे विजेची ठिणगी, पेटवून नायट्रोजन सोडतात. धातूची वाफ सरळ रेषेत जाते. त्यामुळे ड्रिल स्वतःभोवती फिरत राहिले तरच सर्व बाजूंना थर बसतो, आणि अरुंद, खोल भोकाच्या तळाशी तो जवळजवळ पोहोचतच नाही. पकडीत धरलेला दांडाही कोरा राहतो. आमच्या ड्रॉइंगवर तोवर नुसते ‘कोटेड’ असे लिहिलेले होते. परत आल्यावर थर कोठे असलाच पाहिजे, कोठे नसला तरी चालेल आणि सीमेवर रंग किती विटका चालेल, हे तीन वेगळ्या खुणांनी दाखवले. पुढे तपासणीत याच खुणांमुळे एक मोठी शंका जागच्या जागी मिटली.

सप्टेंबरमधील पहिली बॅच नाकारावी लागली. बहुतेक ड्रिल चांगली होती, पण काहींच्या खाचेत, जेथे खाच संपून दांडा सुरू होतो नेमक्या तेथे, करडे-तपकिरी डाग होते. चिकटपट्टी लावून ओढली की त्या जागचा थर पट्टीवर येत होता. सूक्ष्मदर्शकाखाली थराची कड धारदार तुटलेली दिसली आणि खाली मेणचट अवशेष होता. तो पॉलिशिंगच्या पेस्टचा होता. ग्राइंडिंग करून देणाऱ्या आमच्या पुरवठादाराने पेस्ट बदलली होती आणि कोणाला कळवले नव्हते. नवी पेस्ट सुकली की कोटिंगवाल्याच्या द्रावणात विरघळत नव्हती. यावर उपाय साधा होता. ग्राइंडिंगनंतर ठरलेल्या तासांच्या आत पहिली धुलाई, पेस्टचे नाव ऑर्डरवर छापलेले, आणि माल पाठवताना गंजरोधक तेल कोणते लावले याची नोंद. तरीही हे तीन कागद तीन ठिकाणांहून सह्या होऊन यायला दिवाळीनंतरचा काळ उजाडला.

दुसऱ्या बॅचपासून चाचण्यांना सुरुवात झाली. ड्रिल बारीक आणि गोल असल्याने त्यावर बहुतेक चाचण्या करता येत नाहीत, म्हणून प्रत्येक फेरीत सपाट चकत्या घालाव्या लागतात. चकतीचे पोलाद, उष्णतोपचार आणि पृष्ठभागाचा खडबडीतपणा ड्रिलसारखाच हवा आणि ती ड्रिलच्या शेजारी टांगलेली हवी. ‘चकतीवरून ड्रिलविषयी कसे बोलता?’ हा प्रश्न तपासणारा हमखास विचारतो, त्यामुळे टांगणीचा फोटोसुद्धा फाइलमध्ये लावून ठेवावा.

थराची जाडी मोजण्याची रीत मला फार आवडली. हिऱ्याची पेस्ट लावलेला पोलादी गोळा चकतीवर फिरवून एक उथळ वाटी घासतात. सूक्ष्मदर्शकातून पाहिले की सोनेरी कडे आणि आत पोलादाचे वर्तुळ दिसते, आणि दोन्ही व्यासांवरून जाडी काढता येते. आमची दोन मायक्रॉनच्या थोडी वर भरली. जाडी जास्त असली म्हणजे थर चांगला, असा समज ग्राहकांतही आहे. वास्तविक या थरात दाबाचा ताण साठलेला असतो, तो जाडीबरोबर वाढतो आणि धारेच्या कडेलाच थर उडतो. शिवाय जाड थराने धार गोल होते आणि ड्रिल नवे असतानाच बोथट कापते.

चिकटण्याची चाचणी मात्र धसका घेऊन पाहण्यासारखी आहे. रॉकवेलचे हिऱ्याचे शंकूसारखे टोक १५० किलोच्या भाराने चकतीत दाबतात. ते थराच्या जाडीच्या कित्येक पट खोल, जवळजवळ दशांश मिलिमीटर आत जाते. म्हणजे थर फुटणार हे गृहीतच असते. फुटल्यावर तो कसा वागतो, ते पाहायचे असते. खड्ड्याच्या काठाभोवती किरणांसारख्या बारीक भेगा गेल्या आणि थर जागेवर राहिला तर ठीक. काठाला लागून खपल्या निघून पोलाद उघडे पडले तर नापास. व्हीडीआय ३१९८ या जर्मन अभियंत्यांच्या संघटनेच्या मार्गदर्शिकेत याच्या एचएफ १ ते एचएफ ६ अशा सहा पायऱ्या आहेत आणि पहिल्या चार स्वीकारण्याजोग्या मानतात. आमच्या चकत्या पहिल्या दोन पायऱ्यांत बसल्या. प्रयोगशाळेतील यंत्रावर चाललेली ती चकती पाहताना कित्येक महिन्यांचे काम त्या एका खड्ड्याच्या काठावर उभे आहे असे वाटले, आणि आकृतीशी ताडून पाहणाऱ्या तंत्रज्ञाने मान हलवली तेव्हा फार हायसे वाटले. ओरखड्याची चाचणी आणि नॅनोइंडेंटेशन, म्हणजे अतिसूक्ष्म टोक दाबून थराची कठीणता मोजणे, त्यानंतर झाले. नॅनोइंडेंटेशनमध्ये टोक थराच्या जाडीच्या दहाव्या हिश्श्याहून खोल जाऊ नये, नाही तर खालच्या पोलादाची कठीणताही मोजली जाते. अहवालात ही खोली लिहिलेली आहे ना, ते पाहून घ्यावे.

२०२४ चे पहिले सहा महिने जैविक चाचण्यांचे. वैद्यकीय उपकरणांच्या जैविक तपासणीचे मानक असलेल्या आयएसओ १०९९३ च्या पहिल्या भागात संपर्काची जागा आणि कालावधी यांवरून काय तपासायचे ते ठरते. ड्रिल हाडाला लागते, पण चोवीस तासांपेक्षा कमी वेळ; शरीरात ३० दिवसांहून अधिक राहणाऱ्या रोपणाची यादी याहून खूप लांब असते. आम्हाला पेशींवरील विषारी परिणाम, त्वचेचा दाह आणि ॲलर्जी यांविषयी उत्तर द्यायचे होते. येथे व्यावहारिक अडचण नगांच्या संख्येची येते. ड्रिल द्रावणात ठेवून चाचणीसाठी अर्क काढण्यासाठी द्रावणाच्या दर मिलिलिटरला ३ चौरस सेंटिमीटर पृष्ठभाग लागतो आणि बारीक ड्रिलचा पृष्ठभाग असतो तो किती! शिवाय हे सगळे नग विक्रीस तयार अवस्थेत, म्हणजे अखेरचे धुऊन, पॅक करून, निर्जंतुक करूनच द्यावे लागतात. चाचण्यांचा खर्च तोवर झालेल्या सगळ्या कोटिंगच्या खर्चाच्या पुढे गेला. व्यवस्थापनाला हा आकडा सुरुवातीलाच दाखवलेला असेल तर पुढचे वाद टळतात.

अहवालांची वाट पाहण्याच्या काळात आम्ही आमच्या यंत्रांवरील कार्बाइडच्या एंडमिलना (धातू कापणाऱ्या फिरत्या हत्यारांना) कोटिंग करून पाहिले. जे फक्त हत्यारांसाठी हे वाचत असतील त्यांच्यासाठी लिहिते की, ते काम तुलनेने सोपे आहे आणि त्यात कागद जवळजवळ नसतात. पुन्हा धार लावलेल्या हत्यारावर जुना थर तसाच ठेवून नवा चढवला की जाडी वाढत जाते, म्हणून काही खेपांनंतर तो उतरवावा लागतो. हायस्पीड स्टीलवरून तो रसायनाने नीट उतरतो. कार्बाइडमध्ये तेच रसायन कणांना धरून ठेवणाऱ्या कोबाल्टवर हल्ला करू शकते, त्यामुळे ते काम अनुभवी हातांतच द्यावे.

जुलैमध्ये कागदपत्रे दाखल केली आणि सप्टेंबरमध्ये प्रश्नावली आली. त्यातला एक प्रश्न मला सर्वांत योग्य वाटला : थराचे कण सुटून रुग्णाच्या शरीरात राहिले तर काय? या प्रश्नामागे खरा इतिहास आहे. १९९० च्या दशकात हिऱ्यासदृश कार्बनचा थर दिलेले टायटेनियम मिश्रधातूचे गोळे कृत्रिम खुब्यांत बसवले गेले. प्रयोगशाळेत तो थर उत्कृष्ट ठरला होता आणि पहिले वर्षभर रुग्णांनाही त्रास नव्हता. पुढे थर जागोजागी सुटू लागला, खालचा धातू झिजला, आणि साडेआठ वर्षांत जवळजवळ निम्मे सांधे बदलावे लागले. थर कठीण नव्हता असे नव्हे. बारीक छिद्रांतून शरीरातील द्रव खाली उतरला आणि थर व धातू यांच्यामधली सीमा आतून पोखरली गेली. कोरड्या चाचणीत हे दिसत नाही. हे वाचल्यानंतर मी आमच्या योजनेत निर्जंतुकीकरणाच्या वारंवार फेऱ्यांनंतर चिकटण्याची चाचणी पुन्हा करण्याचे कलम घातले होते, आणि उत्तर देताना तोच अहवाल उपयोगी पडला. जोखीम फाइलमध्ये, आयएसओ १४९७१ या जोखीम व्यवस्थापनाच्या मानकाच्या रीतीने, कण सुटण्याची शक्यता, त्याचा परिणाम आणि ड्रिल बाद करण्याची खूण अशा तीन ओळी स्वतंत्र लिहिल्या.

त्याच सुमारास एका ग्राहकाने निकेलची ॲलर्जी असलेल्या रुग्णांसाठी कोबाल्ट-क्रोमच्या गुडघ्याच्या रोपणावर असाच थर देता येईल का, असे विचारले. टायटेनियम नायट्राइड, झिर्कोनियम नायट्राइड आणि टायटेनियम नायोबियम नायट्राइड यांचे थर असलेली रोपणे अस्तित्वात आहेत, आणि झिर्कोनियमच्या मिश्रधातूचा पृष्ठभागच तापवून त्याचा ऑक्साइड करण्याची वेगळी वाटही आहे. तिच्यात सीमा अशी राहत नाही, कारण थर वरून चढवलेला नसून त्याच धातूतून वाढवलेला असतो. पण कोट्यवधी पावलांचा भार घेणारा सांधा आणि काही मिनिटे वापरले जाणारे ड्रिल यांना एकच चाचणीसंच लावणे मला मान्य नव्हते. आम्ही नकार कळवला.

मंजुरीचे पत्र नोव्हेंबरमध्ये आले आणि त्याबरोबर अटीही आल्या. प्रत्येक बॅचची एक चकती राखून ठेवायची, जाडी आणि चिकटण्याचा निकाल ड्रिलच्या बॅच क्रमांकाशी जोडायचा, आणि कोटिंगवाल्याने टायटेनियमचा पुरवठादार, धुण्याचे द्रावण, तापमान किंवा टांगणी यांपैकी काहीही बदलले तर बदलण्याआधी लेखी कळवायचे. शेवटची अट करारात घालायला कोटिंगवाला सहसा खळखळ करतो, कारण त्याच्या दृष्टीने द्रावण बदलणे ही रोजची बाब असते. आम्ही ती पहिल्या दराच्या बोलणीतच ठेवली होती, म्हणून मान्य झाली. मंजुरीनंतर ती मागायला गेलो असतो तर आमच्या हातात सौदा करण्यासारखे काहीच उरले नसते.